सायू, स्प्रे कुरिअरने पाठवतोय

कराड,
२७ ऑक्टोबर २०२५

चि. सायली हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

‘पोचले’ हा तुझा मेसेज मिळाला. आधी आईने वाचला, मग मी, मग ओंकारने. एकाच शब्दाचा मेसेज, पण तिघांनी तीन अर्थ काढले. आईच्या मते तू दमली आहेस, ओंकारच्या मते रेंज नव्हती, माझ्या मते तू अजून रागावलेली आहेस. फोन केला असता, पण फोनवर मी औषधाचं काढलं की तू ‘हो बाबा, हो बाबा’ म्हणत मागे कुकरची शिट्टी झाल्याचं सांगतेस. तुमच्या दिल्लीच्या पीजीत कुकर नाही हे मला माहीत आहे.

आज औषधांचं दुकान उघडायच्या आधी तुझी खोली आवरत होतो. टेबलाच्या खालच्या खणात, यूपीएससीच्या ‘लक्ष्मीकांत’ पुस्तकाच्या झेरॉक्सखाली, तो स्प्रे सापडला. सप्टेंबरात आपल्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी ॲलर्जीसाठी लिहून दिलेला, मोमेटासोन या स्टिरॉइडचा. लेबलवर माझ्याच मार्करने उघडल्याची तारीख. उजेडात धरून पाहिला तर औषध जवळजवळ गळ्यापर्यंत. म्हणजे चार-दोन दिवस मारलास आणि ठेवून दिलास. आणि उशीच्या अभ्र्यात ती दुसरी बाटली, बोटाएवढी, ड्रॉपची, पार रिकामी. त्या बाटलीबद्दल या पत्रात मी काहीही बोलणार नाही. आईला तसं कबूल केलंय.

भाऊबीजेच्या रात्री तू जे बोललीस ते आईला लागलं. ‘मला आजीसारखं स्टिरॉइडवर जगायचं नाही’ म्हणालीस आणि ताटावरून उठलीस. बासुंदी तशीच राहिली. मला राग आला नाही, कारण आजीला तू पाहिलंयस. दुसरीत होतीस, पण पोरांच्या डोळ्यांतून काही सुटत नाही. चेहरा गोल गरगरीत, हातापायांच्या मात्र काड्या. कातडी इतकी पातळ झाली होती की बांगडी घासली तरी मनगट काळंनिळं व्हायचं. सगळे म्हणतात बाथरूममध्ये घसरली. घसरली नव्हती. नळ बंद करायला नुसती वळली आणि खुबा मोडला.

हे कशाने झालं ते तुला कुणी धड सांगितलेलं नाही. तात्यासमोर तो विषय निघत नाही, ते सोड. आजी गावी असताना संधिवातासाठी तिकडच्या एका डॉक्टरकडून पुड्या आणायची. सोमवारी बाजाराला गेली की आठवड्याच्या पुड्या. कागदात तीन गोळ्या, एक पांढरी, एक पिवळी, एक गुलाबी. ना नाव, ना ताकद. गुडघे दुखायचे थांबले म्हणून ती त्या माणसाला देव मानायची. पुडी पहिल्यांदा माझ्या हाती लागली तेव्हा मी पांढरी गोळी ओळखली. प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइडच. रोज दहा मिलिग्रॅम, कधी जास्त, आणि हे वर्षानुवर्षं. ओळखली तरी एकदम बंद करता येईना. बाहेरून इतकी वर्षं स्टिरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं स्टिरॉइड, कॉर्टिसॉल, बनवायचं सोडून देतं. अचानक थांबवलं तर माणूस कोसळतो. हळूहळू कमी करत आणलं, पण हाडं तोवर पोखरली होती.

ही काही आपल्या आजीचीच गोष्ट नाही. तुला इतिहास आवडतो म्हणून सांगतो. १९४८ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका तरुण बाईला कॉर्टिसोन हे स्टिरॉइड दिलं, आणि ती काही दिवसांत उठून चालायला लागली. १९५० ला त्यावर नोबेल दिलं. सूज, साखर, ठिसूळ हाडं हे सगळं मागाहून नीट उमगलं. औषध वाईट नव्हतं. ते किती, किती दिवस आणि शरीरात कुठे जाऊ द्यायचं, हे शिकायला जगाला वेळ लागला. आजीला पुडी देणारा मात्र शिकलाच नाही.

आता तुझा स्प्रे बघ. एका दाबात पन्नास मायक्रोग्रॅम. दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन म्हणजे दिवसाला दोनशे. आजीची गोळी दहा हजार मायक्रोग्रॅमची. पण इथे सरळ भागाकार करून ‘पन्नासपट कमी’ असं मैत्रिणींना सांगत फिरू नकोस, कारण वजनाला वजन धरलं तर मोमेटासोन प्रेडनिसोलोनपेक्षा कितीतरी जहाल आहे. खरा फरक ते जातं कुठे यात आहे. गोळी पोटातून रक्तात आणि रक्तातून हाडापासून डोळ्यापर्यंत सगळीकडे. स्प्रे नाकाच्या आतल्या त्वचेवर बसतो आणि काम तिथेच करतो. जे घशात उतरून गिळलं जातं ते यकृत पहिल्याच फेरीत मोडून टाकतं. मोमेटासोन आणि फ्लुटिकासोन या नव्या औषधांचा रक्तात पोचणारा भाग दोन टक्क्यांच्याही आत असतो. जुन्या बेक्लोमेथासोनचा बराच जास्त. म्हणून तर डॉक्टरांनी तुला हे दिलं. आणि जिममधली पोरं घेतात ते स्टिरॉइड तर वेगळ्याच घराण्यातलं, त्याचा इथे काही संबंध नाही. ओंकारला हे तीनदा सांगून झालंय.

याचा अर्थ स्प्रे म्हणजे तीर्थ नव्हे. दुकानात काही लोक तसा मारतात, आठवण झाली की एक फुस्स. त्याने काही होत नाही आणि मग ‘गुण येत नाही’ म्हणून बाटली परत घेऊन येतात. तुझंही तेच झालं असणार. चार दिवस मारलास, नाक उघडलं नाही, टाकून दिलास. अगं, हे औषध पाच मिनिटांत नाक उघडायला बनवलेलंच नाही. ॲलर्जीने आत जी सूज येते, ज्या पेशी खवळतात, त्यांना ते आतून शांत करतं, आणि त्याला दिवस लागतात. अर्ध्या-एक दिवसात थोडं जाणवेल, पण खरा फरक कळायला एक ते दोन आठवडे रोज, न चुकता, ठरल्या वेळी. दात घासलेस की मारायचा. एखाद्या दिवशी राहिला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट नाही.

पाच मिनिटांत नाक उघडतं ती दुसरी बाटली.

बघ, बोलणार नव्हतो. पण आता विषय निघालाच आहे.

मेन्स परीक्षेच्या वेळी तुला ती कुणी आणून दिली मला माहीत नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. निबंधाच्या पेपराला नाक चोंदून बसली असतीस तर काय लिहिलं असतंस. त्या दिवसापुरती ती योग्यच होती. ऑक्सिमेटाझोलिन असो की झायलोमेटाझोलिन, नाकातल्या फुगलेल्या रक्तवाहिन्या ती आवळते आणि वाट मोकळी होते. पण पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, तीन ते पाच दिवसांच्या वर नाही. औषधाचा अंमल उतरला की रक्तवाहिन्या आधीपेक्षा जास्त फुगतात. मग परत दोन थेंब. आधी रात्री एकदा, मग सकाळ-संध्याकाळ, मग लायब्ररीत बॅगेच्या पुढच्या कप्प्यात. सावकाराकडून उचल घेतल्यासारखं आहे हे. आजची नड भागते आणि मुद्दल वाढतच जातं. शेवटी नाक ॲलर्जीने चोंदलंय की थेंबांनी, हे डॉक्टरलाही पटकन सांगता येत नाही. आपल्याकडे एक ट्रकवाला येतो, त्याला कित्येक वर्षं ती बाटली उशाशी असल्याशिवाय झोप लागत नाही. त्याला विकायला दुकानातला महादू जातो. मी आत गठ्ठे मोजत बसतो.

सोडवायची कशी, तर असं कर. स्प्रे रोजचा सुरू ठेव आणि थेंब आधी एकाच नाकपुडीचे बंद कर. डावीचे कर, तुझी उजवी जास्त चोंदते. ती बाजू काही रात्री त्रास देईल, आठवडाभर, कदाचित थोडं जास्त. डोक्याखाली उशी उंच घे. ती मोकळी राहायला लागली की उजवीचेही बंद. या रात्री वाईट जातात हे मी खोटं सांगणार नाही. तोंडाने श्वास घेऊन सकाळी घसा कोरडाठाक पडतो, डोकं जड होतं. म्हणून निकालाच्या आठवड्यात सुरू करू नकोस. पण ‘प्रिलिम झाल्यावर बघू’ असंही नको, ते मी ओळखून आहे.

लेक्चर झालं. आई स्वयंपाकघरातून विचारतेय, ‘पत्र आहे की औषधाची घडी?’ माफ कर. पण पुढचं जरा लक्ष देऊन वाच, कारण तू स्प्रे मारतेस ते मी सप्टेंबरात आरशात पाहिलंय. मान मागे टाकतेस, नोझल सरळ वर धरतेस आणि जोरात ओढतेस. सगळं औषध घशात. ‘कडू लागतं’ म्हणालीस ना, ते त्यामुळे.

आधी नाक हलकेच शिंकरून घे. बाटली हलव. नवीन असेल किंवा बरेच दिवस पडून असेल तर हवेत दाबून बघ, एकसारखा बारीक फवारा यायला लागला की मगच नाकात. तुला पाठवतोय तो नवा आहे, तेव्हा आधी हवेतच. मान मागे नाही, किंचित पुढे, पुस्तक वाचतेस तशी. उजव्या नाकपुडीला डावा हात आणि डाव्या नाकपुडीला उजवा. एवढ्याने नोझल आपोआप बाहेरच्या बाजूला वळतं. टोक जेमतेम आत, आणि रोख डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे. मधल्या पडद्याकडे कधीच नाही. दाबताना श्वास हळू घे, फुलाचा वास घेतेस तेवढाच. घशात चव आली तर समज की जोरात ओढलंस. मग तोंडाने श्वास सोड, टोक पुसून टोपण लाव. दहा-पंधरा मिनिटं नाक शिंकरायचं नाही.

त्या मधल्या पडद्याचं मी मुद्दाम सांगतोय. त्याच्या पुढच्या भागात रक्तवाहिन्यांचं जाळं अगदी वरच असतं. रोज त्याच जागी फवारा बसला की तिथे कोरडं पडतं, खपली धरते, रक्त येतं. क्वचित कुणाच्या पडद्याला भोकही पडतं. आणि तुझा पडदा डावीकडे जरासा वाकडा आहेच, डॉक्टरांनी दाखवला होता. (त्यालाच लोक ‘नाकाचं हाड वाढलंय’ म्हणतात आणि ऑपरेशनच्या तारखा घेऊन मोकळे होतात. तुला ऑपरेशन लागणार नाही असं ते स्पष्ट म्हणाले, हे आईला पुन्हा एकदा सांग.)

तुझा घोळणा लहानपणी सारखा फुटायचा. एप्रिल लागला की ठरलेलं. चौथीत स्कॉलरशिपच्या पेपरावर रक्ताचे थेंब पडले आणि तू त्यांच्याभोवती पेनाने गोल करून पुढे लिहीत राहिलीस. बाईंनी तो पेपर मला दाखवला होता. आजी कांदा फोडून तुझ्या नाकाशी धरायची आणि डोक्यावर गार पाणी थापायची, मान मागे करून. तू रक्त गिळायचीस आणि मग उलटी व्हायची, आणि सगळं घर अंगणात गोळा. मान मागे करायची नसते ते आजीला कधीच पटलं नाही. आता दिल्लीत झालं तर बसायचं, मान पुढे, नाकाचा मऊ भाग दोन बोटांनी घट्ट दाबून दहा मिनिटं, मध्ये सोडून ‘थांबलं का’ बघायचं नाही. स्प्रे मारून एखाददुसरा रक्ताचा ठिपका रुमालावर दिसला तर दोन दिवस थांब, रोख सुधार, पुन्हा सुरू कर. वारंवार येत असेल, किंवा खपली जातच नसेल, किंवा दाबूनही थांबत नसेल, तर सरळ डॉक्टर. सर गंगाराम हॉस्पिटल तुमच्या राजेंद्रनगरातच आहे. तुला येतंय का रक्त? ओंकारने मला काहीतरी अर्धवट सांगितलंय. त्याला विचारलं तर ‘मी काही बोललो नाही’ म्हणतो. मला सांगितलंस तर मी काही पहिल्या गाडीने येणार नाहीये. सांग फक्त.

दिल्लीची हवा हा तर वेगळाच विषय. इथे बातम्यांत रोज आकडा दाखवतात. दिवाळीचे फटाके, पंजाब-हरयाणात जाळलेला भाताचा पेंढा, वाहनं, आणि वारा पडलेला. आपल्याकडेही उसाचा पाला पेटवतात, काजळी अंगणात येते, पण ती दोन तासांत कृष्णेपलीकडे जाते. तिकडे ती वर झाकण बसल्यासारखी कोंडून राहते. धुराने नाक नुसतं चिडतं, ती प्रत्येक वेळी ॲलर्जी असतेच असं नाही, पण आधीच सुजलेल्या नाकाला ती पुरते. बाहेर पडताना एन-नाइंटीफाइव्ह मास्क लाव, कापडाचा काही कामाचा नाही. आणि डिसेंबर-जानेवारी सरला की फेब्रुवारी ते एप्रिल तिकडे वावळ फुलते. तिचे परागकण दिल्लीत फार बदनाम आहेत. म्हणजे बरोब्बर तुझ्या प्रिलिमच्या आधीचे महिने. शिंका सुरू झाल्यावर स्प्रे शोधत बसण्यापेक्षा हंगामाच्या दोन आठवडे आधीपासून तो रोजचा चालू हवा. मी कॅलेंडरवर जानेवारीच्या मध्यावर खूण केली आहे. तुझ्या नव्हे, आपल्या. दुकानातल्या.

आणि तू अभ्यासाला बसतेस ती लायब्ररी कितव्या मजल्यावर आहे? मागेही विचारलं होतं, उत्तर आलं नाही. २०२४ च्या जुलैत तुमच्याच राजेंद्रनगरात तळघरातल्या लायब्ररीत पाणी शिरून तीन मुलं गेली. ती बातमी मी दुकानातल्या टीव्हीवर उभ्याने पाहिली आणि गिऱ्हाइकाला चुकीचे सुट्टे परत दिले. पाण्याचं तर आहेच, पण तळघराला ओल असते, ओलीला बुरशी, आणि बुरशी तुझ्या नाकाला चालत नाही. वरच्या मजल्याला महिन्याचे शे-पाचशे जास्त पडत असतील तर दे. घरून पाठवतो.

गोळ्यांचं एक विचारायचं होतं. तुझ्या बॅगेत लेव्होसेट्रिझिन आणि मॉन्टेलुकास्ट ही ॲलर्जीवरची औषधं एकत्र असलेली पट्टी होती. ती लातूरची मैत्रीण देते का? सेट्रिझिनच्या जातीने सुस्ती येते हे तू अनुभवलंच असशील, दुपारी वाचताना त्याच ओळीवर परत परत यायचं. पण माझी काळजी मॉन्टेलुकास्टची आहे. २०२० च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रकांनी, त्यावर त्यांचा सर्वांत कडक इशारा छापायला लावला. काहींना वाईट स्वप्नं पडतात, चिडचिड होते, उदास वाटतं, नको ते विचार येतात. सगळ्यांना नाही. पण नुसत्या सर्दीसाठी, दुसऱ्या औषधांनी भागत असताना, ते घेऊ नये असंच त्यांचं म्हणणं आहे. आपल्याकडे मात्र ती पट्टी शेंगदाण्यासारखी खपते. भाऊबीजेच्या रात्री तू इतकी का चिडलीस, याचा मी नंतर खूप विचार केला. कदाचित त्याचा काही संबंध नसेल. कदाचित मीच चिडण्यासारखं बोललो असेन. पण झोप कशी आहे, स्वप्नं कशी पडतात, ते मला नाही तर आईला तरी खरं सांग. आणि त्या पट्टीचं डॉक्टरला विचारल्याशिवाय पुढची गोळी नको. स्प्रे नीट चालला तर तिची गरजच पडणार नाही.

अजून एक, मग झालं. माझ्या डोळ्यांत रोज रात्री थेंब पडतात ते तुला ठाऊक आहे. काचबिंदू घराण्यात उतरतो, आणि तुझ्या चष्म्याचा नंबर मोठा, म्हणजे तुझा धोका वाढवणाऱ्या दोन गोष्टी झाल्या. नाकातल्या स्प्रेने डोळ्यांचा दाब वाढल्याचं क्वचितच दिसतं, तुला घाबरवायला लिहीत नाही. पण महिनोन्महिने वापरायचा तर वर्षातून एकदा डोळ्यांचा दाब मोजून घे आणि ‘वडिलांना काचबिंदू आहे’ हे त्या डॉक्टरला सांग. ते विचारत नाहीत, आपणच सांगावं लागतं. तसंच दुसऱ्या कशासाठी गोळ्या चालू झाल्या, विशेषतः बुरशीवरच्या, तर स्प्रेचं नाव सांगायचं. काही औषधं यकृताचं ते मोडण्याचं काम अडवतात, आणि मग दोन टक्क्यांचा हिशोब राहत नाही.

बरं वाटायला लागलं की डॉक्टरांना विचारून एकेका दाबावर यायचं. कमीत कमी जेवढ्यावर भागेल तेवढं, हा नियम. आजीच्या वेळी हाच एक नियम कुणी पाळला नाही. बाटलीत एकशेवीस दाब असतात, रोज चार म्हटलं तर महिनाभर. त्यानंतर तळाला औषध दिसलं तरी टाकून दे, माप बरोबर पडत नाही. बाटली मैत्रिणीला द्यायची नाही, तिची घ्यायची नाही. आणि तिकडचा केमिस्ट ‘हा जास्त चांगला’ म्हणून ॲझेलास्टिन हे ॲलर्जीवरचं औषध मिसळलेला दुसरा स्प्रे देईल, तर आधी मला बॉक्सचा फोटो पाठव. त्यातही स्टिरॉइड असतं. दोन्ही एकदम मारले तर डोस दुप्पट.

मामांनी जलनेतीचा लोटा दिलाय तुला, कळलं मला. मिठाच्या पाण्याने नाक धुणं चांगलंच आहे, स्प्रेच्या आधी धुतलं तर औषध नीट बसतं. पण टँकरचं, नळाचं पाणी थेट नाकात अजिबात नाही. उकळून गार केलेलं, किंवा दुकानातलं तयार सलाइन. केरळात अमीबाने मेंदूला सूज येऊन माणसं दगावल्याच्या बातम्या तू वाचल्या असशील. तो अमीबा पाणी प्यायल्याने होत नाही, नाकातून वर जातो. मामांना हे सांगायला जाऊ नकोस, ते वीस मिनिटं योगावर बोलतील.

पार्सलमध्ये जुना स्प्रे नाही, नवा टाकलाय, तारीख तू तुझ्या हाताने घाल. चिठ्ठीची झेरॉक्स आहे. चिवडा, चकली, आणि तू न खाल्लेल्या बासुंदीऐवजी आईचे बेसनाचे लाडू. तुझ्या प्रिलिमचा निकाल लागला तेव्हा मी काउंटरवर पेढे ठेवले होते, तुला बोललो नव्हतो. एक म्हातारे गृहस्थ शुगरची गोळी घ्यायला आले होते, त्यांनीही घेतला. मी नाही म्हणायला हवं होतं, पण त्या दिवशी म्हणालो नाही. हिंजवडीची नोकरी सोडलीस तेव्हा मी काय काय बोललो ते तू विसरली नसशील. तुझा मराठी साहित्याचा पेपर मी आणून वाचला. मला त्यातला एक प्रश्न कसाबसा सुटला असता.

मेन्सचा निकाल आता कधीही लागेल. जो लागेल तो लागेल. आधी आईला फोन कर, मला दुसरा केलास तरी चालेल.

तुझा,
बाबा

ता. क. नोझल चोंदलं तर त्यात टाचणी घालू नकोस. भोक मोठं होतं आणि फवाऱ्याचं माप बिघडतं. वरचा तुकडा काढून कोमट पाण्याखाली धर, वाळव, परत बसव आणि हवेत दाबून बघ. महादूने एकदा गिऱ्हाइकाला टाचणी घालून दिली होती, तो माणूस अजून रस्ता बदलून जातो.